पहिल्याच पार्टीचा पाहुणा

कारखान्याचं कॅन्टीन बंद पडलं आणि वर्षानुवर्षं मोठमोठ्या पातेल्यांत डाव फिरवणारी मावशी घरी बसली. घरी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. "आता पुढे काय?" असं जो तो विचारायचा आणि ती सांगायची, "पोरांना स्वयंपाक शिकवणार." लोकांना वाटायचं, बाई थट्टा करतेय.

पण तिनं कोपऱ्यावरचं बंद पडलेलं लाँड्रीचं दुकान भाड्यानं घेतलं. फरशी घासघासून साबणाचा वास घालवला, टेबलांचे पाय कापून ती पोरांच्या उंचीची केली आणि भावजयीला मदतीला ओढलं. भावजय कामाला वाघ, पण तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की आवरायचा नाही. शनिवारी वर्ग, रविवारी वाढदिवसाच्या पार्ट्या असा बेत ठरला. पोरांनी मळायचं, लाटायचं, सजवायचं आणि शेवटी आपल्या हातचं खायचं. ओव्हन मात्र मोठ्यांचा.

पहिली पार्टी मिळाली दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीची. त्यांच्या दवाखान्यात अख्ख्या वस्तीची पोरं यायची. पार्टी रंगली की वेगळ्या जाहिरातीची गरजच नव्हती. मावशी सकाळपासून एका पायावर नाचत होती.

पाहुणी मुलं एकेक करून आली. त्यात एक दोन वेण्यांची मुलगी होती. तिची आई घाईत होती, कामावर निघाली होती. दारातच मावशीचा हात धरून ती हळू आवाजात म्हणाली, "न्यायला मीच येईन. दुसरं कोणी आलं तर सोडू नका हं. कोणीही आलं तरी." मावशीला वाटलं, बाई जरा काळजीखोर दिसते. तिनं मान डोलावली आणि कामाला लागली.

बनची पहिली खेप ओव्हनमध्ये गेली. मुलं कोपरापर्यंत पिठात बुडाली होती. तेवढ्यात दारात एक उंच, हसतमुख माणूस येऊन उभा राहिला.

"मी हिचा बाबा," त्यानं दोन वेण्यांच्या मुलीकडे बोट दाखवलं. "जरा लवकर न्यायचंय तिला."

मुलगी धावत त्याच्याकडे गेली असती तर मावशीचं काम सोपं झालं असतं. घाबरून लपली असती तरी सोपं झालं असतं. पण ती हात पिठात तसेच ठेवून जागच्या जागी थिजली आणि मावशीकडे बघत राहिली.

"थांबा हं, आईला विचारते," मावशी म्हणाली. फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"अहो, मी ओळखते यांना," डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "तिचे वडीलच आहेत. द्या पाठवून. मुलं खोळंबलीत."

ज्यांच्या शब्दावर धंदा उभा राहायचा, त्याच सांगत होत्या. माणूस एक पाऊल पुढे आला, तशी मावशी दार अडवून उभी राहिली. पिठानं माखलेले दोन्ही हात तिनं चौकटीला टेकवले.

"तुम्ही वडील असाल, मी कुठे नाही म्हणते? पण तिला माझ्याकडे तिच्या आईनं सोपवलंय. मी तिच्याच हातात देणार."

त्याचं हसू मावळलं. "तुम्ही कोण मला अडवणाऱ्या? पोरांना बिस्किटं शिकवणाऱ्या बाई! पोलिसांना बोलावू?"

"बोलवा," मावशी म्हणाली. "ते येईपर्यंत आपण दोघं इथेच उभे राहू."

मागून करपल्याचा वास आला. खोलीत धूर पसरला, मुलं खोकायला लागली, एकानं भोकाड पसरलं. भावजय ओव्हनकडे धावली. मावशी हलली नाही.

माणसानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. "येतेस ना ग?" मुलीनं मान खाली घातली. तो वळला आणि झपाझप निघून गेला.

"बाबा रागावले का?" मुलीनं विचारलं.

"रागावले," मावशी तिच्यापुढे उकिडवी बसली. "पण तुझ्यावर नाही, माझ्यावर."

आई धापा टाकत आली. कामाच्या जागी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागायचा, सुटल्यावर तिनं मावशीचे फोन पाहिले होते. सगळं ऐकल्यावर ती पोरांच्या ठेंगण्या स्टुलावर मटकन बसली. "आम्ही वेगळे राहतो. हिला न्यायचे त्यांचे दिवस ठरलेत. आज त्यांचा दिवस नव्हता," एवढंच बोलली आणि लेकीच्या हातावरचं वाळलेलं पीठ सोलत राहिली.

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या वाढदिवसाला चांगलाच तमाशा झाला." त्या आठवड्यात पुढच्या रविवारांसाठी ठरलेल्या दोन्ही पार्ट्या रद्द झाल्या.

"वन्सं, तुम्ही पोलिसातच भरती व्हायला हवं होतं," भावजय म्हणाली. मावशीला हसू आलं नाही. तो बिचारा लेकीला नुसतं फिरवून आणायला आला असेल तर? हा प्रश्न तिची पाठ सोडेना. हातातलं काम तसंच ठेवून ती मधेच दाराकडे बघत बसायची.

शनिवारी वर्गाला कोणी येईल असं तिला वाटत नव्हतं. चौघं आली. दोन वेण्यांच्या मुलीबरोबर तिच्या आईनं कामावरच्या मैत्रिणींची तीन मुलं आणली होती. "मी त्यांना सगळं सांगितलंय," ती म्हणाली. पुढच्या शनिवारी आणखी दोघं वाढली. पार्ट्या मात्र पुन्हा मिळायला बरेच महिने गेले.

मग एका शनिवारी मुलीला घेऊन तो माणूस आला. "आज माझा दिवस आहे. विचारून घ्या तिच्या आईला." मावशीनं त्याच्यासमोरच फोन लावला. आई हो म्हणाली.

"किती वाजता येऊ?" त्यानं विचारलं. आवाजात अजून अढी होती.

"बन निवाले की या."

तो आधीच आला आणि आत न येता पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिला. मावशीनं दोनदा काचेतून पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं दार उघडलं, त्याला आत बोलावलं आणि बसायला स्टूल दिलं. मुलीनं मान वर करून एकदा बापाकडे पाहिलं आणि पुन्हा मळायला लागली.