आठ फुटांत तीन कारखाने

“तीन कारखाने!” ऑर्व्हल ट्रास्कने न्याहारीच्या टेबलावर खाकी कागदाची गुंडाळी धाडकन उलगडली. सिरपची बाटली, अंड्यांची बशी, जावयाचं वर्तमानपत्र, सगळं कडेला ढकललं गेलं. “आठ फुटांत तीन कारखाने, लोर्ना! टोमॅटोचा, मक्याचा आणि शवपेट्यांचा!”

“माझ्या धुण्याच्या खोलीत शवपेट्या नकोत,” मुलगी तव्यावरची नजर न हलवता म्हणाली.

“बोटभर असतात गं त्या. आणि मालगाडीच्या बंद वाघिणीत असतात. दिसणारसुद्धा नाहीत तुला!”

ऑर्व्हल एकाहत्तर वर्षांचा. मिलार्ड गावातून रोज सकाळी सुटणाऱ्या मालगाडीचा तो एकतीस वर्षं गार्ड होता. गावातल्या कारखान्यांना रिकाम्या वाघिणी पोचवायच्या, भरलेल्या ओढून न्यायच्या, आणि कुठली वाघीण कुणाच्या दारात हे डोक्यात ठेवायचं, हे त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी कंपनीने गावचे रूळ उखडून नेले. त्यानंतर बायको गेली, तो मुलीच्या घरी आला आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसला. अगदी परवापरवापर्यंत बसूनच होता. मग एके दिवशी त्याने पलंगाखालून बुटांची खोकी ओढली. आत त्याने तरुणपणी जोडलेल्या अकरा छोट्या वाघिणी होत्या आणि एक इंजिन. तेव्हापासून तो पहाटे सहाला उठतो, पेन्सिलीला टोक करतो आणि बायबल वाचावं तशी मापपट्टी वाचतो.

धुण्याच्या खोलीची मोकळी भिंत बारा फुटांची. पण डेलचा, म्हणजे जावयाचा, भाऊ अर्ध्या बैलाचं मांस पाठवणार होता आणि त्यासाठी शनिवारी दुपारी फ्रीजर येणार होता. पेटीसारखा, वर झाकण असलेला, चार फूट लांब.

“चार फूट माझे, आठ तुमचे,” लोर्ना म्हणाली. “पण डॅड, फ्रीजर येण्याआधी मला दाखवायचं, की हे आठ फुटांत चालतं. नाही चाललं तर सबंध भिंतीला लोणच्याच्या बरण्यांची फडताळं. गॅरेजात तुम्ही अर्धवट सोडलेली ती होडी मी सात वर्षं बघतेय.”

“होडीचा विषय वेगळा.”

“होडीला तळ नाहीये, डॅड.” तिने कागदाच्या उजव्या कडेवर उलथनं टेकवलं. “हा बाण कसला?”

“तो पुढचा. मुद्दाम टोक उघडं ठेवलंय. जागा मिळाली की आणखी एक टेबल जोडायचं, मग आणखी एक. बाण पेटन्सव्हिलकडे जातो.”

“जागा मिळणार नाही.”

“कधीतरी म्हणतोय मी.”

शुक्रवारी क्लीट हडलस्टन आला. एकतीसपैकी चोवीस वर्षं ऑर्व्हलच्या गाडीचं इंजिन यानेच हाकलेलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा, पोट असं, की जेवणाचं ताट ठेवावं. त्याने कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला.

“कागदावर मीसुद्धा सडपातळ दिसतो,” तो म्हणाला.

“मग उद्या चालवून बघ! घरासमोर आखतो. चौपट मोठं. एक माणूस म्हणजे एक वाघीण, बरोब्बर मावतो. तू इंजिन.”

“म्हणजे काम मी करणार आणि तू हात हलवणार. जुनंच की मग सगळं.”

शनिवारी सकाळी नऊ वाजता लोर्नाच्या घरासमोरच्या सिमेंटवर खडूने रूळ उमटले. बत्तीस फूट लांब. डाव्या कडेला पोस्टाची पेटी, उजव्या कडेला सिमेंट संपून पेटुनियाच्या फुलांचा वाफा, म्हणजे फ्रीजरची जागा. मुख्य रूळ सरळ. मध्ये त्याला समांतर दुसरा रूळ, दोन्ही टोकांना जोडलेला. इंजिनाला वाघिणीला वळसा घालून मागे यायचं असेल तर तो. आणि तीन कारखान्यांकडे फुटणाऱ्या तीन फांद्या.

वाघिणी होणारी माणसं वेळेवर हजर झाली. टोमॅटोच्या कारखान्यात वीस वर्षं डब्यांना झाकणं बसवणारी बर्निस ऑल्ट तिच्या जुन्या एप्रनमध्ये आली. शवपेट्यांना व्हार्निश लावणारा वेन स्टिकलर केस विंचरून आला. मक्याची वाघीण व्हायला कुणी नव्हतं, म्हणून डेलला उभं केलं. लोर्ना मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीत, हाताची घडी घालून.

“निघा!” ऑर्व्हल ओरडला.

क्लीट हलला नाही.

“निघ की रे!”

“मी ओरडण्यावर गाडी चालवत नाही,” क्लीट समोर बघत म्हणाला. “चोवीस वर्षांत चालवली नाही.”

ऑर्व्हल हसला. पाय रोवून उभा राहिला आणि उजवा हात वर नेऊन सरळ खाली आणला, पुन्हा वर, पुन्हा खाली. पुढे चल. क्लीटने तोंडाने भोंगा वाजवला आणि मागे वेन, बर्निस, डेल एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. समोरच्या घरातली माणसं व्हरांड्यात आली.

डेलची फांदी सोपी होती. इंजिन पुढे गेलं, रूळ बदलणारा सांधा फिरला, मागे ढकललं, डेल मक्याच्या कोठाराशी. टाळ्या! बर्निसचंही तसंच, ती तर आत जाताना झुकून नमस्कार करून गेली. ऑर्व्हलचा हात असा फिरत होता जणू मध्ये दोन वर्षं गेलीच नव्हती. थांब, मागे ये, हळू, अजून हळू, बस!

मग वेनची पाळी. शवपेट्यांची फांदी उलट्या दिशेने फुटत होती. इंजिन पुढे असून भागत नव्हतं. ते मागे जायला हवं आणि त्याने वेनला पुढे ढकलायला हवं. इथेच तर खरी मजा होती, याच्यासाठी ऑर्व्हलने अकरा कागद फाडले होते. वेनला मुख्य रुळावर सोडलं. आता क्लीटने पुढचा सांधा ओलांडायचा, सांधा फिरवायचा आणि समांतर रुळाने वळसा घालून वेनच्या पाठीशी यायचं.

क्लीट पुढे गेला. एक पाऊल. बुटाचं टोक गवताला लागलं.

“सांधा अजून माझ्या पोटाखाली आहे,” तो म्हणाला.

ऑर्व्हलने हात वर-खाली केला. क्लीट पेटुनियात शिरला. आणखी एक पाऊल. मग तो थांबला आणि पहिल्यांदाच मागे वळून बघितलं.

“ऑर्व्हल, मी आता फ्रीजरमध्ये आहे.”

कुणी हसलं नाही. ऑर्व्हल त्या शेवटच्या सांध्यापाशी चालत आला, खाली बघत राहिला. त्याने सगळं मोजलं होतं. प्रत्येक कारखान्याचं दार, प्रत्येक वळण. हेच तेवढं मोजलं नव्हतं. खऱ्या गावात या सांध्यापुढे अकरा मैल रूळ होता, थेट पेटन्सव्हिलपर्यंत. तो कुणी मोजतं का? तो असायचाच.

“शवपेट्या काढून टाका,” डेलने कोठारातून सुचवलं.

“सव्वीस वर्षं व्हार्निश लावलंय मी!” वेन उसळला. “तुझा मका काढ!”

“इंजिनालाच थोडं कमी खायला घाला,” बर्निस म्हणाली.

“शवपेट्यांच्या फांदीशिवाय नुसतं जायचं आणि यायचं,” ऑर्व्हल हळूच म्हणाला. “त्यात काय आहे?” आणि टोकाला खडूने काढलेला पेटन्सव्हिलचा बाण बुटाच्या तळव्याने पुसू लागला.

जाळीचं दार आपटलं. लोर्ना हातात टेप घेऊन थेट पेटुनियात आली.

“क्लीट, हलू नका. सिमेंटच्या पुढे किती गेलात?” तिने सिमेंटच्या कडेपासून त्याच्या पोटापर्यंत टेप धरला. “चार फूट. चौथा हिस्सा एक फूट. डॅड, फ्रीजर तीन फूट उंच आहे. तुमचं टेबल जमिनीपासून किती उंच?”

“चार फूट. पण लोर्ना, तुझं झाकण वर उघडतं. फ्रीजरवरून फळी पुढे नेली तर ती मध्ये येणार.”

“झाकण मी दिवसातून एकदा उघडणार. उरलेला दिवस तिथे नुसती हवा असणार. फळी खुंटीला टांगा. गाडी चालवताना लावा, मला मांस हवं झालं की काढा.”

“पण तू तर म्हणालीस, आठ फूट.”

“दोन वर्षं तुमचा हात फक्त चॅनेल बदलायला उठला,” ती म्हणाली. तिने टेप खटकन बंद केला. “आणि माझ्या फुलांतून निघा आधी. क्लीट, डावा पाय!”

क्लीट जागचा हलला नाही. त्याने ऑर्व्हलकडे पाहिलं. ऑर्व्हलने हात खांद्याइतका उचलून मोठं वर्तुळ काढलं. मागे ये. क्लीट मागे आला, समांतर रुळाने वळसा घालून वेनच्या पाठीशी उभा राहिला आणि वेन स्टिकलर शवपेट्यांच्या कारखान्यात असा शिरला, की समोरच्या व्हरांड्यातून शिट्ट्या आल्या. नेमका तेव्हाच फ्रीजरचा ट्रक कोपऱ्यावर वळला. बर्निसने दोन्ही हात पसरून त्याला अडवलं. “थांबा! गाडी आत जातेय!”

जूनच्या शेवटच्या रविवारी खरी गाडी निघाली. चार-चार फुटांची दोन टेबलं, बोल्टने जोडलेली; कोठार बिस्किटाच्या खोक्याचं, टोमॅटोचा कारखाना अर्धा रंगवलेला. फ्रीजरवर फूटभर फळी, तिच्या कडेला वेनने व्हार्निश लावून झाल्यावर सुबक अक्षरांत लिहिलेलं: पेटन्सव्हिल. क्लीटच्या हातात वेगाचं बटण होतं, तरी तो ऑर्व्हलच्या हाताकडेच बघत होता. इंजिन वाघीण सोडून पुढे सरकलं, सांधा ओलांडला, फळीवर गेलं.

दारात लोर्ना उभी. हातातलं फडकं तिने गुडघ्याशी आडवं, डावीकडून उजवीकडे फिरवलं. अगदी नियमाप्रमाणे. थांब!

क्लीटने तिथल्या तिथे इंजिन थांबवलं.

“चॉप्स काढायचेत,” ती म्हणाली.

“लोर्ना, इंजिन पेटन्सव्हिलमध्ये आहे!”

“दिसतंय मला.”

“दोन मिनिटं! वेनचं लाकूड पोचू दे!”

तिने घड्याळ पाहिलं, मग बापाचा वर थांबलेला हात पाहिला. फडकं खांद्यावर टाकून ती फ्रीजरला टेकून उभी राहिली. इंजिन परत आलं, वळसा घालून मागे गेलं, वाघीण कारखान्याच्या दारात टेकली. वेनने डोळे पुसले आणि व्हार्निशचा वास झोंबतो म्हणाला. मग ऑर्व्हलने स्वतः फळी उचलून खुंटीला टांगली आणि मुलीसाठी झाकण उघडून धरलं.

ती चॉप्सचं पुडकं काढून उभीच राहिली. “डॅड, डावीकडे, इस्त्रीच्या टेबलाच्या बाजूला, मिलार्डच्या अलीकडे काय होतं?”

“काचेचा कारखाना!” ऑर्व्हल आणि क्लीट एकदम ओरडले, आणि तिथून किती वाघिणी निघायच्या यावरून लगेच जुंपली. ऑर्व्हल सात म्हणत होता, क्लीट नऊ. खाकी कागद आला, पेन्सिल आली. लोर्नाने कागदाचं एक टोक दाबून धरायला त्यावर चॉप्स ठेवले, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण दीड तास उशिरा झालं.