पागोळीची काठी

बोलेथे बसलेली आहे असं चित्र वस्तीत कुणाच्याच डोळ्यांपुढे येत नसे. वाढदिवसाच्या कॉफीला बोलावलं तर ती भिंतीला टेकून उभ्यानंच पेला रिकामा करायची, केकचा तुकडा हातात घ्यायची आणि लोक खुर्ची पुढे करेपर्यंत दाराबाहेर पडलेली असायची. चर्चमध्येही शेवटच्या बाकाच्या कडेला उभी. देवाला काय सांगायचं ते थोडक्यात सांगून मोकळी.

हे तिच्या रक्तातच होतं. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या एका बेटावर, मातीच्या घरात ती जन्मली. बाप सील मारणारा. सील जिकडे जातील तिकडे बिऱ्हाड. लग्न होईपर्यंत आपण किती ठिकाणी राहिलो ते तिला स्वतःलाही नीट सांगता येत नसे. मग सरकारनं बाहेरच्या वस्त्या बंद केल्या, सगळ्यांना या लाकडी घरांच्या रांगेत आणलं, आणि बोलेथेला वाटलं की कुणीतरी आपल्याला पेटीत ठेवलंय. तरुणपणी एकदा तिला स्वयंपाक शिकायला डेन्मार्कला पाठवलं होतं. तिथली झाडं पाहून इतर मुली हरखल्या. ही मात्र चिडली. "झाडांच्या मागे काय आहे ते दिसतच नाही," असं म्हणाली आणि मुदतीआधीच बोट पकडून परत आली.

नवरा छातीच्या दुखण्यानं गेला. एकच मुलगी राहिली. मुलीचं नाव पार्नाक, म्हणजे बोलेथेच्या आईचंच नाव. आई वारली त्याच हिवाळ्यात ही जन्मली, म्हणून नावही तेच आणि मानही तोच. बोलेथे आपल्या मुलीला लाडानं 'आई' म्हणायची, आणि भांडणातही 'आई'च म्हणायची. आता पार्नाक मासळीच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर उभी राहत होती, आणि घर तिच्या पगारावर चालत होतं.

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला बोलेथे चर्चच्या पायऱ्यांवरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. हेलिकॉप्टरनं शहरात नेलं, प्लास्टर घातलं, कुबड्या दिल्या. प्लास्टर निघालं तेव्हा कुबड्याही परत गेल्या, कारण त्या दवाखान्याच्या होत्या. डॉक्टरांनी निघताना बजावलं, की आता चाला, पण काही महिने काठीशिवाय नाही.

ती परतली आणि दोन दिवसांत डोंगरावरून गरम वारा सुटला. भर हिवाळ्यात छपरांवरचा बर्फ वितळून पागोळ्या गळायला लागल्या, वाटा पाण्यानं भरल्या. मग वारा पडला आणि थंडीनं परत तोंड उघडलं. सकाळी सगळा उतार काचेसारखा. कुत्रीसुद्धा पाय फाकवून चालत होती. वळचणीला गळता गळता गोठलेल्या पागोळ्या रांगेनं लोंबत होत्या, काही मनगटाएवढ्या जाड, काही जवळजवळ जमिनीला टेकलेल्या.

पार्नाकनं आईला खाटेवर बसवलं आणि हात धरून सांगितलं, "वचन दे. काठी हातात असल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकणार नाहीस."

"दिलं, आई," बोलेथे म्हणाली. आईचं नाव घेऊन आलेल्या मुलीला दिलेलं वचन म्हणजे आईलाच दिलेलं. ते मोडायचं धाडस तिच्यात नव्हतं, आणि पार्नाकला हे पक्कं ठाऊक होतं.

पण कारखान्यात जाताना पार्नाकनं झाडूचा दांडा काढून नेला. बर्फ फोडायची लांब दांड्याची पहार नेली, तंबूचे खांबही नेले. सगळं शेजारच्या घरी ठेवलं आणि सांगितलं की आईला काहीही देऊ नका. दुसऱ्या कुठल्या मुलखात माणूस हात वर करून फांदी मोडून घेईल. इथे डोंगर उघडे, आणि समुद्रानं वाहून आणलेली लाकडं पुरुषभर बर्फाखाली. बोलेथेच्या लक्षात आलं तेव्हा ती घरात तीन फेऱ्या मारून चुकली होती. ज्या कोपऱ्यात झाडू असायचा तिथे झाडूच्या केसांचा नुसता झुपका पडला होता.

नंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. पडदे उतरवून धुतले, परत लावले, परत उतरवले. खाट या भिंतीपासून त्या भिंतीला नेली. कोळशाची शेगडी इतकी घासली की हात काळे झाले. दुपारी दुर्बीण घेऊन खिडकीशी उभी राहायची. शेजारचा हेन्ड्रिक कुत्र्यांना मांस टाकायला बाहेर आला की खिडकी उघडून त्याच्याकडे पहार मागायची. हेन्ड्रिक खाली बघायचा. "मावशी, मला पार्नाकच्या तोंडी देऊ नका," एवढं म्हणून तो पुढच्या कुत्र्याकडे वळायचा.

आणि एका सकाळी दुर्बिणीत तिला युडिथा दिसली.

युडिथा तिची नणंद. लग्नापासून दोघींचं कधी जमलं नाही. कुणी मोठा मासा धरला, कुणी कातडं जास्त मऊ कमावलं, कशावरूनही भांडण. आणि ती आता गोठलेल्या समुद्रावर, भूशिराच्या टोकाजवळच्या भेगेपाशी, बोलेथेच्या मासेमारीच्या भोकावर बसून गळ हलवत होती. ते भोक बोलेथेनं पहिल्या थंडीत पाडलं होतं, पाय मोडेपर्यंत रोज फोडून उघडं ठेवलं होतं. युडिथानं एक कॉड मासा ओढून काढला. मग दुसरा. बोलेथेनं दुर्बीण खाटेवर टाकली.

ती दार उघडून उंबरठ्यावर उभी राहिली. पाऊल बाहेर टाकलं नाही. वचन वचन होतं. तिनं वर पाहिलं, वळचणीला.

पहिली पागोळी हाताच्या फटक्यानं तुकडे होऊन पडली. दुसरीही. तिसरी तिनं मुळाशी हळूहळू कोळसा फोडायच्या कुऱ्हाडीनं टोचत सोडवली आणि कुशीत झेलली. छातीपर्यंत पोचेल एवढी लांब, सरळ, आतून दुधाळ. घरात आणली तर पाणी होईल म्हणून उंबऱ्यावरच बसून तिनं वरच्या टोकाला जुन्या सीलच्या कातड्याची पट्टी आवळून बांधली. खालचं टोक ओलं करून शेगडीच्या राखेत बुडवलं आणि बाहेर धरलं. राख गोठून खरखरीत टाच तयार झाली. मग तिनं काठी पुढे टेकवली आणि तिच्या मागून पाऊल टाकलं.

उतार तिनं आडवा आडवा काढला. दर पावलाला काठी किरकिरायची आणि ती राखेची टाच परत रोवायची. हेन्ड्रिक हातात मांस धरून तसाच उभा राहिला. घराघरांतून दुर्बिणी खिडक्यांना लागल्या असणार हे तिला न बघताही कळत होतं. किनाऱ्याचा, भरती-ओहोटीनं वरखाली होणारा बर्फ ओलांडताना घोट्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. ती थांबली नाही.

युडिथानं वर पाहिलं नाही. गळ हलवत म्हणाली, "म्हणजे वचन मोडलंस."

"काठी आहे हातात."

आता युडिथानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ही काठी नाही. हे पाणी आहे."

"तू बसलीस त्याखाली काय आहे? तेही पाणीच. बसलीस ना त्याच्यावर?"

भोकं कुणाच्या मालकीची नसतात, मासे तर नाहीतच, असं काहीसं युडिथा पुटपुटली. बोलेथे तिच्या डोक्यावर उभी राहून सांगू लागली की गळ फार खाली सोडलाय, असा हलवतात का, दोरी गोठतेय. युडिथा ऐकत नसल्यासारखं दाखवत होती, पण दोरी मात्र तिनं थोडी वर घेतली. आणि तेवढ्यात दोरीला असा हिसका बसला की ती पुढे कोलमडली.

दोघींनी मिळून ओढलं. भोकातून वर आला तो कॉड दोघींनी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता असा, पोट फुगलेला, रागानं उसळणारा. उसळत तो परत भोकाकडे सरकला. युडिथा म्हणाली, "मार त्याला." बोलेथेनं मारलं. मासा पडला, आणि काठीचे तीन तुकडे झाले.

जरा वेळ दोघी नुसत्या धापा टाकत राहिल्या. मग बोलेथेनं वस्तीकडे पाहिलं. घरं फार लांब होती. हातातल्या कातड्याच्या पट्टीत वीतभर बर्फ उरला होता.

युडिथानं आपल्या घसरगाडीवरचे मासे एका बाजूला सारले. "बस," ती म्हणाली. बोलेथे बसली. आयुष्यात पहिल्यांदा नणंदेनं तिला ओढत नेलं. उताराशी हेन्ड्रिक धावत आला आणि मागून ढकलू लागला. दारात पार्नाक उभी होती. कारखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर. कुणीतरी तिकडे सांगितलं असणार.

ती ओरडली नाही. आईला आत घेतलं, बूट काढले, सुजलेला घोटा पाहिला. मग विचारलं, "वचन दिलं होतंस ना?"

"काठी होती," युडिथा दारातूनच म्हणाली. "मोडली. मी पाहिलं."

"कुठली काठी?"

"तुझ्याच छपराची." एवढं बोलून युडिथानं कॉड दाराशी टेकवला आणि ती निघून गेली.

पार्नाकनं पाणी गरम केलं, घोट्याला पट्टी बांधली. बोलेथे बोलत राहिली, की घरात जीव गुदमरतो, की युडिथा भोक बळकावून बसली होती, की तू दांडासुद्धा नेलास, हा काय न्याय झाला. पार्नाकनं पट्टीची गाठ मारली आणि तशीच खाली बसून राहिली.

"मी लहान असताना तू या दारातून गेलीस की कधी येशील ते सांगायची नाहीस," ती म्हणाली. "बाबा खोकत पडलेले. मी खिडकीशी. गोठलेल्या समुद्रावर काळा ठिपका दिसला की तू, असं वाटायचं. बहुतेक वेळा कुत्रं असायचं." तिनं उरलेली पट्टी गुंडाळली. "तुझा पाय मोडला तेव्हा, देव मला क्षमा करो, मला बरं वाटलं. कामावरून आले की तू घरात असायचीस."

बोलेथेनं मुलीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, मध्येच थांबवला, आणि मग ठेवला. "सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं.

"तू थांबायचीस कुठे ऐकायला?"

त्या रात्री दोघींनी कॉड उकडून खाल्ला. दुसऱ्या दिवशी पार्नाकनं शेजारून पहार, तंबूचे खांब सगळं परत आणलं, पहार दाराशी उभी केली, आणि कामावर गेली. बोलेथे त्या दिवशी बाहेर पडली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. वस्तीत लोक आश्चर्य करू लागले. कारखान्यात, दुकानात, चर्चच्या ओट्यावर वाद मात्र रंगला होता, पागोळी ही काठी की नाही. हेन्ड्रिक म्हणायचा, जिच्या आधारानं माणूस उतरून गेला ती काठीच. दुकानदार म्हणायचा, मग मी साखरेचीही काठी विकतो. यातून निकाल कधी लागला नाही.

तिसऱ्या दिवशी पहार हातात घेऊन बोलेथे निघाली. उतरली, पण समुद्राकडे वळली नाही. आधी मासळीच्या कारखान्याशी गेली आणि दार ढकलून, वाफेतून, कापायच्या टेबलांच्या दिशेनं तिनं सांगितलं, "आई, मी टोकाला चाललेय. युडिथाच्या शेजारी दुसरं भोक पाडणार. कारखाना सुटायच्या आत येते."

टेबलावरच्या बायका हसल्या. पार्नाकनं सुरीवरची नजर न काढता मान हलवली.

पुढे कित्येक वर्षं तिचा हा क्रम होता. कधी विसरायची, अर्ध्या वाटेवर आठवलं की मागे फिरायची, आणि कारखान्याच्या दारात धापा टाकत म्हणायची की आज बेटाकडे, आज नुसती किनाऱ्यानं, आज कुठे ते अजून ठरवलं नाही. घोटा वाकडाच जुळला होता. उत्तर ऐकायला ती थांबत नसे. पार्नाक मान वर करेपर्यंत दार परत मिटलेलं असायचं.