मर्लने टाकलेली दुर्री

ओपल ड्रीसनला कुणी जुगारी म्हटलं की तिचा पारा चढायचा. जन्म लास व्हेगासमध्ये काढला, नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात गेली, आणि आता म्हातारपणी कॅसिनोत बसते, एवढं तिला मान्य होतं. "जुगारी ते. विमानातून उतरतात, उधळतात, रडत परत जातात. मी इथे कामाला येते," असं ती म्हणायची, आणि थट्टेने मुळीच नाही.

कामाला जावं तशीच ती जायची. बोल्डर हायवेवरच्या 'रस्टी स्पर' कॅसिनोत दर मंगळवारी म्हाताऱ्यांना खेळाबद्दल कॅसिनोच्या कार्डावर दुप्पट गुण मिळत, त्यामुळे तिचा मंगळवार कधी चुकला नाही. नाश्त्याचा भाव संपायच्या जरा आधी पैसे भरून जेवणघरात शिरायचं, एका टोस्टवर वेळ काढायचा आणि दुपारचे पदार्थ मांडले गेले की नाश्त्याच्या पैशात भाजलेलं बीफ हाणायचं, ही तिची जुनी खोड. वर्तमानपत्रातली आपली कुपनं कापून झाली की ती शेजाऱ्यांच्या रद्दीत हात घालायची. नाण्यांनी बोटं काळी होतात म्हणून उजव्या हातात पांढरा मोजा असायचा. लोक हसायचे, पण यंत्र कुठलं घ्यावं हे विचारायला तिच्याकडेच यायचे.

पत्त्यांची यंत्रं दिसायला सगळी एकसारखी. पण काचेवरचे दर वाचल्याशिवाय ओपल खुर्चीला टेकायची नाही. चार सारख्या पानांना पाचपट देणारं यंत्र दिसलं तरच ती बसायची. चारपट देणाऱ्याकडे ती ढुंकून बघत नसे. पाचपटवाल्या यंत्रावर एकही चूक न करता खेळलं, तर आपले पैसे बहुतेक जागच्या जागी राहतात आणि वर कार्डावरच्या गुणांत फुकट जेवणं सुटतात. एकही चूक न करता, हीच खरी मेख. या खेळात चारी दुर्र्या हुकमी. दुर्री वाटेल त्या पानाची जागा घेते. म्हणून हातात आलेली दुर्री टाकायची नाही, मरण आलं तरी टाकायची नाही.

हे तिला शिकवलं तिच्या नवऱ्याने. मर्लने उभा जन्म सोड्याच्या बाटल्यांचा ट्रक चालवला, पण पत्त्यांचं गणित त्याच्या रक्तात होतं. चुकीचं पान धरलं की तो तिच्या मोज्यावर टिचकी मारायचा. "ओपल, कॅसिनोच्या मालकाला नवी गाडी घेऊन देतेस काय?"

तोच मर्ल आता विसरायला लागला होता. गॅस चालू राही, बूट फ्रीजमध्ये सापडत. एकदा तर तो स्वतःच्या घराचं दार वाजवून "मालक आहेत का?" विचारत उभा होता. मुलगी जोलीन अशा माणसांसाठी असलेली एक जागा बघून आली होती. रोज आईशी तिची हुज्जत चाले.

"तो अजून बिनचूक खेळतो," ओपल म्हणाली होती. "डोकं गेलेल्या माणसाला हे जमत नाही. ज्या दिवशी तो दुर्री टाकेल, त्या दिवशी मी तुझं ऐकेन."

"आई, पत्त्यांवरून कुणी असं ठरवतं का?"

"मी ठरवते."

तेव्हापासून ओपलचं अर्धं लक्ष स्वतःच्या यंत्रावर आणि अर्धं शेजारी बसलेल्या मर्लच्या पानांवर असे. आठवडेच्या आठवडे तो बरोबर खेळत राहिला, आणि तिच्या मनाने वेडी आशा धरली.

त्या मंगळवारी मर्लला बदामची दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि इस्पिकची दुर्री आली. दुर्रीला एक्का धरलं की दश्शी ते एक्का असा एकाच रंगाचा राजेशाही हात पूर्ण, पंचवीसपट आयते. शेंबड्या पोरानेही काही टाकलं नसतं. मर्लने चार बदाम धरले आणि ओपलचा हात पोचायच्या आत बटण दाबलं. दुर्री गेली. तिच्या जागी बदामचा एक्का आला.

दुर्रीशिवाय जुळलेला राजेशाही हात, यंत्रावरचं सगळ्यात मोठं बक्षीस! हजार डॉलर! यंत्र बोंबलायला लागलं, आजूबाजूचे म्हातारे टाळ्या पिटत उठले. पैसे द्यायला झेल्डा आली. तिथे ती वर्षानुवर्षं कामाला होती.

"मर्ल, हातातले सोडून एक्क्याच्या मागे लागलास? काय छाती आहे रे तुझी! आता माझ्याशी लग्न कर."

"बायकोला विचारून सांगतो," मर्ल म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

ओपल हसली नाही. जिंकलेला प्रत्येक हात बरोबर खेळलेला नसतो, हे तिथे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिने आशा सोडली नाही. म्हाताऱ्याला एकदा जुगार खेळावासा वाटला असेल, जाणूनबुजून केलं असेल. गर्दी पांगल्यावर ती त्याच्याकडे झुकली.

"मर्ल, दुर्री का टाकलीस रे?"

"दुर्री?" तो तिच्याकडे भाबडेपणाने बघत राहिला. "सगळ्यात हलकं पान ते. ठेवून काय करायचं?"



जोलीन जवळच दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती दुपारी त्यांच्याबरोबर कॅसिनोच्या जेवणघरात जेवायला आली, तोवर दारातच तिला बातमी कळली होती. आल्या आल्या तिने बापाच्या गळ्यात हात टाकले. "बाबा, हजार डॉलर! आई, तूच जिंकलीस बाई. मी उगाच तुझ्या मागे लागले होते. आता मी त्या जागेचं नावसुद्धा काढणार नाही."

ओपलने मोजा काढून टेबलावर ठेवला. गप्प बसली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. मर्ल घरी राहिला असता, तिच्या शेजारी झोपला असता, निदान हिवाळ्यापर्यंत. पण घरात गॅस होता, दाराबाहेर वाहता रस्ता होता, आणि तिचे हात आता तितके चपळ नव्हते. मनातल्या मनात ती मर्लवर चिडली, जोलीनवर चिडली, त्या एक्क्यावर तर भयंकर चिडली.

"त्याने दुर्री टाकली, जोलीन."

"मग? पैसे तर मिळाले ना?"

"त्याला दुर्री कळली नाही," ओपल म्हणाली. "उद्या त्यांना फोन कर."

जोलीनचा हात बापाच्या खांद्यावर तसाच राहिला. मर्लने बशीतून मान वर केली.

"कुणाला फोन?"

"तुझ्यासाठी एक खोली बघायचीय," ओपल म्हणाली.

"फुकट आहे ना?"

इतक्या वर्षांत पैशाच्या बाबतीत तिने त्याला कधी थाप मारली नव्हती.

"हो रे," ती म्हणाली. "फुकटच आहे."

मर्ल खूश झाला आणि आणखी बीफ आणायला उठला.