भांडताना उद्गारचिन्हंसुद्धा सांगितली

मंडळी, आज माझं चुकलं.

हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगवत होतो. माझी रोह्याची मैत्रीण सकाळपासून फोन उचलत नव्हती. डोकं सटकलं. हात रंगलेले, म्हणून मेसेज फोनला बोलूनच टाइप केला, चिन्हंसुद्धा तोंडाने सांगून.

"तू कॉलेजवाली, मी कॉलेज सोडलेला, उद्गारचिन्ह. परत तोंड दाखवू नको, उद्गारचिन्ह."

करंगळीने पाठवला.

तासाने तिचं उत्तर आलं. "प्रॅक्टिकल होतं रे. फोन बाहेर ठेवायला लावतात."

मी पुटपुटलो, "रागात तोंडातून निघून गेलं."

शेजारी रंगवणाऱ्या काकी म्हणाल्या, "नाय रे बाबा. चिन्ह सांगायला दर वाक्याला थांबत व्हतास. तवाच गप बसायचं व्हतं!"

खरंय. आता हात धुऊन बसलोय, तरी माफीचं एक वाक्य लिहवत नाय. तुम्ही काय लिहिलं असतं?