फोटोतून कापलेला खुंट

देवरीच्या मंगल कार्यालयात आमच्या भागातल्या फोटोग्राफरांचं प्रदर्शन लागलं होतं. एरवी ही मंडळी लग्नात नवरीची मान तिरकी करण्यात गुंतलेली, म्हणून मी जरा नाक मुरडूनच गेलो. दुसऱ्याच फोटोसमोर पाय थबकले.

मोहाचं झाड. खाली जाळलेल्या पाचोळ्याचा विझत आलेला धूर, त्यातून तिरपं कोवळं ऊन. उजव्या कडेला टोपलीवर वाकलेली पाठमोरी बाई, लुगड्यावर पुरुषाचा शर्ट. बाकी सगळा धूरच. बाईला मधोमध न बसवता कडेला ठेवलं, तिथंच फोटोग्राफरनं बाजी मारली होती. बघता बघता मोहाचा गोड उग्र वास नाकात भरला. तो शेजारीच उभा होता.

"काय जागा सोडली, भाऊ!" मी म्हणालो.

मग शर्टाकडे नजर गेली. कोपरावर निळं ठिगळ. तो शर्ट माझा होता आणि ती माझी आई होती.

मागच्या मोसमात मोहाची फुलं वेचताना शेजारच्या काकूंना अस्वलानं फाडलं, तेव्हा आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, आता मोहाला जाणार नाही.

"कधी काढला हा?" माझा आवाज चढला.

"याच मोसमात, चिचगडकडे," तो गडबडला. "ओरिजिनल बडा था. डावीकडे एक जळका खुंट येऊन राहिला होता, पूरा मूड खराब. मंग कापला."

आमच्या मोहाखाली खुंट नाही. आई ती जागा दर वर्षी अंगणासारखी झाडते. मी त्याच्या मोबाइलवर मूळ फोटो मागितला, दोन बोटांनी मोठा केला. खुंटाला कान होते.

मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. तो बिचारा मटकन खुर्चीत बसला.

दोन्ही फोटो माझ्या मोबाइलवर घेऊन मी मिळेल त्या बसनं चिचगड गाठलं. बाबा गेल्यापासून तिथल्या घरात आईच असते, मी नोकरीपायी गोंदियात. दारातूनच मी ओरडायला लागलो.

"काऊन बोंबलून राहिला?" आई म्हणाली. "झाड आपलं हाय. एक साल नाई गेलं त दुसरा वेचते, मंग झाड त्याचंच."

"अन् हे?" मी अस्वलावर बोट ठेवलं.

"ते त रोजच येते. त्याचं तिकडं, माझं इकडं."

रोज! भीती वाटत होती की राग येत होता, मलाच कळेना. काकूंचं नाव काढलं, शपथेची आठवण दिली; तिचं लक्षच नव्हतं. ती एकदा हा फोटो बघत होती, एकदा तो.

"याच्यातून त्याले काऊन कापलं?"

"फोटो चांगला दिसावा म्हणून."

आईनं कापलेला फोटो डोळ्यांजवळ नेला, मग मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"नाई बाबू. याच्यात मी एकटीच दिसून राहिली."