तुफानाची पोटरी

पाण्याचे मीटर वाचणाऱ्या त्या माणसाला कचेरीत सगळे ‘तुफान’ म्हणत. पंचवीस वर्षं तो दारात यायचा, झाकण उचलायचा, आकडा टिपायचा आणि घरातलं कुणी ‘कोण आहे?’ म्हणेपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचलेला असायचा. लोकांशी बोलायला त्याला फुरसत नव्हती आणि हौस तर त्याहूनही कमी.

छपन्नाव्या वर्षी उजव्या पोटरीत कळ सुरू झाली. दोनशे पावलं चाललं, की कुणी पोटरी ओल्या फडक्यासारखी पिळतंय असं वाटायचं. दोन मिनिटं उभं राहिलं, की सगळं गायब. दुखण्याची वाच्यता होऊ नये म्हणून तो जिथे थांबेल तिथल्या माणसाची विचारपूस करू लागला. शिंप्याला नातीची शाळा विचारली, चाव्या बनवणाऱ्याला त्याचा खोकला. माणूस उतारवयात किती मायाळू झाला, असा बोलबाला झाला. बायकोच्या कानावर आलं तेव्हा तिला वाटलं, लोक भलत्याच कुणाबद्दल बोलताहेत.

मग त्याने गुडघ्यांचं निमित्त सांगून साहेबांकडून खुर्चीतलं काम मिळवलं. खुर्चीत पोटरी गप्प राहिली, पण दहा सिगारेटींच्या वीस झाल्या. त्यात बूट चावला आणि अंगठ्याची जखम तीन आठवडे भरेना. बायकोने ऐकून घेतलं नाही, दवाखान्यात नेलंच.

डॉक्टरीणबाईंनी दंडाचा रक्तदाब घेतला, मग घोट्याचाही. घोट्याचा बराच कमी निघाला. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून चरबीने अरुंद झाल्यात, असं त्यांनी सांगितलं.

“म्हणजे पाइपात क्षार बसलाय,” तो म्हणाला. हे त्याला लगेच पटलं.

“हो. आणि हृदयाकडचा पाइपही त्याच गावचा. सिगारेट आजपासून बंद.”

जखम भरावी म्हणून फुगा घालून रक्तवाहिनी रुंद केली. रक्त पातळ राहण्याची आणि चरबी कमी करण्याची गोळी कायमची लागली. अनवाणी फिरायचं नाही, पाय शेकायचे नाहीत, बसल्या जागी पाय दुखला किंवा बोट काळंनिळं पडलं तर त्याच दिवशी यायचं, असंही बजावलं. महिन्याभराने जखम भरली, तेव्हा बाई म्हणाल्या, “आता रोज पाऊण तास चालायचं. कळ वाढली की थांबायचं, गेली की पुन्हा चालायचं.”

“अहो, चालावं लागू नये म्हणून तर मी काम बदललं.”

“पगारी औषध सोडलंत की मग,” बाई शांतपणे म्हणाल्या.

तो साहेबांकडे जुनं काम मागायला गेला. तोवर तिथे दुसरा माणूस नेमला होता. आता तुफान रोज संध्याकाळी त्याच गल्ल्या फुकट तुडवतो. सहा महिन्यांत दोनशेची सहाशे पावलं झाली. सिगारेट दोनदा सुटली आणि दोनदा परत आली. तिसऱ्यांदा सुटली ती अजून तरी परतलेली नाही. फिरून आल्यावर बायको चष्मा लावून त्याचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्या बघते. तो कुरकुरतो, पण दुसरा पाय न सांगता पुढे करतो.