वाघ, म्हैस आणि वाटीभर तूप

माझ्या उजव्या हातावर वाघ आहे, हे आमच्या अण्णांना कळायला दहा दिवस आणि एक म्हैस लागली.

वाघ काढला गेवराईत. मित्राच्या लग्नाला गेलो होतो, नवरदेव अजून निघालाच नव्हता, आणि समोर टॅटूचं दुकान होतं. (रिकामा माणूस आणि उघडं दुकान समोरासमोर आले की असंच होतं!) मनगटापासून कोपरापर्यंत वाघाचं तोंड! निघताना दुकानदारानं बजावलं, "दिवसातून तीन येळा चांगल्या पान्यानं धुवायचं. उनात न्यायचं न्हाई. खाजवायचं न्हाई. अन् कोरडं तर पडूच द्यायचं न्हाई." मी मान डोलावली. त्या साली आख्खा बीड जिल्हा कोरडा पडला होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

घरी मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हात बघून कपाळ बडवलं.

"तीन येळा? अवो, टँकर चौथ्या दिवशी येतो! लेकरायच्या आंघुळीचं पानी मी भांड्याला वापरते. तुमच्या मांजराला कुठून आनू?"

"वाघ हाय तो."

"असंल. पानी न्हाई."

आता अण्णांचं सांगतो. शेजारच्या पोराच्या दंडावर बदाम गोंदलेला दिसला, तेव्हा माझे वडील चारचौघांत म्हणाले होते, "डाग जनावराला देतेत. मानूस सवताहून घेत आसंल, तर त्याला दावनीलाच बांधावं." त्यामुळे ऐन वैशाखात मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मनगटापर्यंत बटणं लावून हिंडू लागलो. चौथ्या दिवशी वाघाला खपल्या धरल्या. खाज अशी की खांबाला हात घासावा वाटे! शेवटी मंगललाच दया आली. "माझ्या मायनं गोंदलं व्हतं तवा हळद-तूप लावलं व्हतं," म्हणाली आणि तुपाची वाटी काढली. तूप आमच्या चांदणी गाईचं. दुष्काळात थेंब थेंब साठवलेलं, अण्णांच्या पुरणपोळीसाठी राखलेलं. मी दिवस उजाडताना डेअरीत निघालो की ती हातावर चांगलं बोटभर थापायची.

मी गावच्या दूध संस्थेत फॅट काढतो. ज्याच्या त्याच्या दुधाचा नमुना घ्यायचा, मशीनला लावायचा, आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. भाव फॅटवर ठरतो, म्हणून सगळे तोंडावर गोड बोलतात आणि पाठ फिरली की शिव्या घालतात. रांगेत पहिला नंबर कायम रंगनाथकाकांचा. काका म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. त्यांच्या म्हशीचं नाव राणी, पण फासळ्यांवर धुणं वाळत घालावं अशी तिची अवस्था.

त्या दिवशी राणीची फॅट आली दहा!

मी मशीनला चापट मारली. पुन्हा दहा. दुसऱ्या दिवशी साडेदहा. तिसऱ्या दिवशी अकरा! बाकीच्यांच्या म्हशी पाच-सहावर रडत होत्या.

"काका, चारता तरी काय?" लोकांनी विचारलं.

"दुष्काळात चारायला काय हाय बे? मी तिच्याशी बोलतो."

संध्याकाळी घरोघरच्या गोठ्यात बापये म्हशींशी बोलायला लागले. (आमच्या शेजारचे तर बायकोशीही जन्मात इतकं बोलले नसतील!) चेअरमननी शंका काढली, "रंगनाथ, बाटलीतलं म्हशीचं दूध पिवळं कावून दिसायलंय?"

"सोनं हाय ते, सोनं!"

हे सोनं अण्णांच्या डोक्यात शिरलं. त्यांनी सौदाच करून टाकला: चांदणी काकांना द्यायची, राणी आपण आणायची, सोमवारी. चांदणी मंगलनं माहेराहून कालवड म्हणून आणलेली. मंगल त्या रात्री जेवली नाही. मला एवढंच म्हणाली, "अकरा तुमीच लिवलेत ना?"

शनिवारी मी काकांच्या दुधाचा नमुना घ्यायला वाकलो, आणि बाहीतून एक पिवळा थेंब मनगटावरून घरंगळत बाटलीत पडला. टप! रोज तूप गळत होतं ते पहिल्या नंबरच्याच बाटलीत, पुढच्यांपर्यंत बाही कोरडी व्हायची. मशीन बिचारं खरंच बोलत होतं! पण हे सांगायचं तर बाही वर करावी लागणार, आणि बाहीखाली वाघ.

मी मधला मार्ग काढला. (मधला मार्ग काढणारा दोन्हीकडून मार खातो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.) रविवारी तूप न लावता, हात कोरडा पुसून गेलो. राणीची फॅट आली पाच.

"पाच?" काकांनी किटली आपटली. "उद्या सौदा, अन् आज पाच? ह्यो पोरगा बायकोच्या गाईपायी माप मारून ऱ्हायलाय!"

सौद्याच्या गडबडीत अण्णाही तिथंच आलेले. त्यांचे डोळे लाल. "शानपना माझ्याशी करतो का बे?"

चेअरमन म्हणाले, "भांडू नका. सगळ्यायसमोर पुन्यांदा फॅट काढू. बाह्या वर कर, हात धू."

सगळी रांग माझ्याकडं बघत होती. रांगेच्या शेवटी मंगल उभी होती, चांदणीच्या दुधाची किटली घेऊन, डोळे सुजलेले. मला माझीच लाज वाटली. मी बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर नेली.

वाघाचा एक कान गळून पडला होता, अर्धी मिशी लोंबत होती.

"आरारा," काका म्हणाले, "खरूज कवा झाली?"

मी एका दमात सगळं ओकलो. गेवराई, खपल्या, हळद, तूप, थेंब. अण्णा पुढं आले. मनगट धरलं. मी डोळे मिटले आणि गाल तयार ठेवला. थप्पड आलीच नाही. डोळे उघडले तर अण्णा माझा हात हुंगत होते!

"तूप चांदनीचं हाय?"

"हो."

अण्णा गर्रकन वळले. "आयकलं का रे? अकरा फॅट आमच्या गाईची हाय! सौदा मोडला!"

मंगल पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता रडली. मला इतकं बरं वाटलं की मीही हसलो. तेवढ्यात अण्णांच्या डोक्यात उरलेला हिशेब उजाडला.

"म्हंजी माझ्या पुरनपोळीचं तूप?"

थप्पड तेव्हा आली.

त्या दिवसापासून चांदणीच्या गोठ्यातलं शेण मी काढतो. (दावणीला बांधलं नाही, एवढीच सवलत.) वाघ बरा झाला, पण एका कानाचा. लेकरं त्याला मनीमाऊ म्हणतात. काका अजून पहिल्या नंबरला येतात आणि किटली ठेवता ठेवता माझ्या वाघाची तब्येत विचारतात. मी ऐकून घेतो. त्या उन्हाळ्यात आख्ख्या गावात तुपावर पोसलेलं एकच जनावर होतं, आणि ते दूध देत नाही.